सातपानीचा वाफा

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गावात मांजरालाही माहीत आहे. गेल्या शरदात भरसभेत मी बोलून बसले, "उन्हाळ्यातल्या दुआनवूच्या सणापर्यंत माझ्या वाफ्यात सातपानीचं एक जरी रोप वर आलं नाही, तर उत्तरेचा उतार खुशाल उघडा. मी आडवी येणार नाही."

सातपानीला सात पानांच्या मधोमध एकच फूल येतं, आणि तिचा कंद साप चावल्यावर उगाळून लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरामागे उगवायची. मग बाहेरून व्यापारी आले आणि आम्ही सगळ्यांनी, मी धरून, डोंगर उकरून काढला. करंगळीएवढे कंदसुद्धा सोडले नाहीत. आता ती उरली आहे फक्त उत्तरेच्या उतारावर, बांबूच्या सावलीत. तिथली गेली की संपलंच. म्हणून मी भांडून भांडून तो उतार खणायला बंद करवला, बिया लाल होईपर्यंत थांबले, वाळूत चोळून त्यांचा गर काढला आणि उताराच्या पायथ्याशी वाफा केला. आमच्या खोऱ्यात हे बी कुणी कधी पेरलं नव्हतं. आम्ही पेरतो तो मका. मक्यासारखंच हेही वसंतात वर येईल, असं मी धरून चालले.

वसंत आला आणि गेला. वाफ्यात गवत उगवलं, ते मी उपटलं. बाकी काही नाही. रोज जायचे, पाहायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर खेकसायचे.

दुआनवूच्या सकाळी दारोदारी रानदवण्याच्या जुड्या टांगल्या गेल्या. या दिवशी काढलेल्या औषधाला गुण जास्त, म्हणून कुदळी आणि पाठीवर टोपल्या घेऊन सगळं गाव उताराशी जमलं. सर्वांत पुढे माझे मोठे दीर मिंगछी. चाळीस वर्षं कंद उकरणारा माणूस. वाळकं खोड पाहून खाली कंद केवढा ते सांगतात.

"काय दायचन, रोपं मोजून झाली का?"

"भावजी, सकाळी सकाळी तोंड उघडू नका."

"अगं, सभेत तूच उघडलं होतंस!"

सगळे हसले. गावप्रमुख पू मात्र हसले नाहीत. "शब्द तुझाच आहे, दायचन. आता मी काय करू?"

स्वतःच्या तोंडाचा इतका राग मला कधी आला नव्हता. "उघडा," मी म्हणाले.

"थांबा, आधी हा वाफा मोकळा करतो. बटाटे तरी होतील," असं म्हणत भावजींनी कुदळ घातली. दुसऱ्या घावाला ती उचलली आणि तशीच धरून उभे राहिले. मग खाली बसले आणि बोटांनी ढेकूळ फोडलं.

"प्रमुख, जरा इकडे या."

मातीत बी होतं. त्यातून पांढरं मूळ खाली उतरलं होतं, बोटाच्या पेराएवढं. शेजारच्या बियेलाही तसंच, त्यापलीकडच्या बियेलाही.

"आधी पाय रोवतंय," भावजी म्हणाले. "वर यायला अजून एक हिवाळा घेईल. चाळीस वर्षं उकरतोय मी हे, आणि जन्मतं कसं ते आज बघतोय."

गर्दीतून एक जण ओरडला, "पण शब्द रोप वर येण्याचा होता! वर कुठे काय आहे?"

भावजी वळले. "तुझी बायको पोटुशी होती, तेव्हा पाचव्या महिन्यात पाळणा हलवत बसला होतास का रे?"

आता हसू त्याच्यावर फुटलं. भावजींनी गप्प बसून माती परत ओढली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांची टोपलीही रिकामीच होती.

पूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गावाकडे. "पुढच्या दुआनवूपर्यंत उतार बंद."

कुणी कुरकुरलं, पण टोपल्या माघारी वळल्या. मी सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले. भावजी एकेक बी मूळ खाली करून परत मातीत ठेवत होते.

"रडतेस काय? जा, पाचोळा आण. उन्हानं सुकतील ही."

मी धावले. मागून ते कुणावर तरी ओरडले, "ए गाढवा, वाफ्यावर पाय नको देऊस! खाली जिवंत आहेत ती!"