भट्टीच्या भिंतीवरची पाटी

मित्रांनो, या रस्त्याने जाताना तुम्ही मला शंभरदा पाहिले असेल, पण वाचले एकदाही नसेल. असू द्या, राग नाही. मी एक जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पाटी आहे. सध्या एका बँकेच्या फाटकाजवळ, दुचाक्यांच्या गर्दीत दोन लोखंडी पायांवर उभी आहे. माझ्या अंगावर उठावाची अक्षरे आहेत: ‘याच जागी भाजलेल्या पावावर महापुरात गाव जगले.’ मजकूर खरा आहे, पण जागा चुकली आहे. तेच माझे दुःख.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. ओतणाऱ्याने वाळूच्या साच्यात सगळी अक्षरे उलटी मांडली होती. बघणाऱ्याला वाटावे, याचे डोके फिरले आहे. पण मी थंड होऊन बाहेर आले आणि अक्षरे कशी झोकात सुलटी उभी राहिली! तिथून मला थेट गावातल्या पावाच्या भट्टीवर आणले आणि तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकले.

भट्टी तेव्हा चालू होती. सगळे जिला मावशी म्हणत, ती भट्टीवाली कंबरेवर हात ठेवून कामगारांवर खेकसत होती. “अरे, माझ्या भिंतीला भोकं कशाला पाडताय? पाव भाजला, त्यात काय एवढं?” पण कामगारांची पाठ वळताच तिने पिठाचा हात माझ्यावरून फिरवला. अक्षरांच्या कडांना ते पीठ कितीतरी दिवस चिकटून होते. मीही ते जपले.

पुराची गोष्ट मी भिंतीपलीकडून ऐकली. गावातल्या चुली विझल्या होत्या, फक्त मावशीची भट्टी उंच जोत्यावर असल्याने कोरडी होती. सरपण संपले तेव्हा तिने मांडणीच्या फळ्या जाळल्या, मग दार, शेवटी स्वतःचा पलंग. तिची लहानगी लेक कोपरापर्यंत पीठ माखून कणिक मळत होती. लोक होड्यांतून खिडकीपाशी यायचे. भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी मावशी खिडकीतून बाहेर सरकवायची आणि पाव होडीत टाकायची. नाव विचारायचे नाही, हात दिसला की पाव द्यायचा, असा तिचा नियम होता.

माझ्या सुखाचे दिवस ते. शाळेची मुले येऊन मला मोठ्याने वाचत, आणि एखादा दीडशहाणा मावशीला पलंगाबद्दल विचारी. “मग तुम्ही झोपलात कुठं?” “झोपायला वेळ कुणाला होता रे?” असे म्हणून ती त्याच्या हातावर गरम पाव ठेवी. थंडीत बसची वाट पाहणारी माणसे भिंतीला पाठ टेकून उभी राहत. भट्टीची ऊब माझ्या पाठीतून आरपार येई. मला वाटायचे, माझे लोखंड जणू नुकतेच ओतलेले आहे.

मावशी गेली. लेकीने भट्टी चालवली, पुढे तिचेही गुडघे बोलू लागले आणि विस्तव विझला. भट्टी एकदम थंड होत नसते, मित्रांनो. बरेच दिवस पाठीला कोमट लागत राहिले आणि एका सकाळी लागले नाही. त्या सकाळी मला फार एकटे वाटले.

मग रस्ता रुंद झाला. भिंत पडली आणि मी मोडक्या कठड्यांबरोबर कुठल्याशा आवारात पालथी पडून राहिले. अखेर मला उचलले, तेव्हा गवंडी मुकादमाला म्हणाला, “साहेब, ही कुठं होती?”

“कुठं होती ते काय बघत बसायचं? त्या बाजूला फुटपाथ तरी उरलाय का? समोर बँकेपाशी रोव. वाचता आली म्हणजे झालं.”

आणि मी रस्त्याच्या भलत्याच बाजूला आले.

काही दिवसांनी मावशीची लेक आली. आता तीच आजी झाली होती. नातीचा हात धरून ती समोरच्या औषधांच्या दुकानापाशी थांबली आणि जमिनीकडे पाहत राहिली. नात हात सोडवून माझ्यापाशी आली आणि मला वाचून ओरडली, “आजी, इकडं चल. भट्टी इथं होती, लिहिलंय बघ.”

“अगं, मला माझं घर कळत नाही होय? भट्टी इथंच होती.”

बँकेचा रखवालदार हसला. “आजी, वय झालं की होतं असं. पाटी कशाला खोटं बोलेल?”

ती रस्ता ओलांडून आली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “असेल बाबा. मीच विसरले असेन.”

मला त्या वेळी तोंड हवे होते! जिने त्या पुरात कणिक मळली, तिला माझ्यामुळे स्वतःचा भरवसा वाटेना. जाताना तिने माझ्या मागे हात घालून पाहिले. “गार आहे गं,” ती नातीला म्हणाली. “आमची पाटी पाठीनं गरम असायची.” नात हसली नाही. तिने वळून समोर पाहिले.

पुढे औषधांच्या दुकानापुढे गटारासाठी खोदकाम निघाले आणि काळ्या, भाजून चकाकलेल्या विटा वर आल्या. नातीच्या नजरेला त्या पडल्या. ती धावत घरी गेली आणि आजीला घेऊन आली. आजी त्या ढिगावर बसली. तिने एक वीट नाकाशी धरली आणि पदराने डोळे पुसले. “बघ,” ती म्हणाली, “नव्हते विसरले मी.”

नात पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन माझ्याकडे आली. माझ्या अक्षरांखाली तिने रस्त्यापलीकडे दाखवणारा मोठा बाण काढायला घेतला.

“ए पोरी, पाटी खराब करतेस होय?” रखवालदार ओरडला.

“खराब नाही, काका. दुरुस्त करतेय.”

त्याने समोर विटांवर बसलेल्या आजीकडे पाहिले आणि नातीच्या हातातला डबा स्वतः धरला.

आता आजी येत नाही. नात एकटीच येते आणि उन्हापावसाने फिकटलेला बाण पुन्हा रंगवते. मित्रांनो, जमले तर मला रस्त्यापलीकडे नेऊन ठेवा. नाहीच जमले, तर एवढा बाण पुसू नका. पाटी वाचून झाली की शेजारच्या म्हाताऱ्या माणसालाही जरूर विचारा.

आणि थंडीच्या सकाळी बससाठी थांबलात, तर माझ्या पाठीला जरा पाठ टेका. भट्टीची नसली तरी तुमची ऊब मला चालेल.