ताशी ब्याण्णव, न थांबता

राजसची स्पीडबोट ताशी ब्याण्णववरून साठावर आली होती. कारण शोधायला हडपसरचा शुभंकर खडकवासल्याच्या बॅकवॉटरवर, लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून, बोटीच्या बरोब्बर मधोमध बसला होता. तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. पोहता येत नाही हे त्यानं आधीच सांगितलं होतं. बोटीला येतं ना, असं म्हणून राजसनं विषय मिटवला होता.

पंखा बदलून झाला, फिल्टर झाला, स्पार्क प्लग झाले. तरी बोट शेपूट पाण्यात टेकवूनच धावायची, पंगतीतून उठल्यासारखी. शेवटी भर पाण्यात इंजिन बंद करून शुभंकरनं मागची फळी उचलली. खाली पोटरीभर पाणी. चाचपडताना तळाशी चिंधीचा बोळा लागला. मोटारसायकलच्या नळीत बोळा सापडला की काढायचा असतो. त्यानं काढला.

"सापडला फॉल्ट," तो म्हणाला.

अंगठ्याएवढ्या भोकातून धरण आत येऊ लागलं. बोळा परत कोंबावा तर तो हातातच विरला. रुमाल कोंबला, तो पाण्यानं परत केला. शुभंकरच्या तोंडाला कोरड पडली. सगळं पाणी पायाशी होतं.

चिंध्यांवरून राजसला सोसायटीचं फडकं ओळखू आलं. बोट तिथल्याच पार्किंगमध्ये असायची. त्यानं सेक्रेटरी मंदाकिनीकाकूंना फोन लावला. काकू शांतपणे म्हणाल्या की बोटीत पाणी साचत होतं, डेंग्यूवाले तपासायला येणार होते, म्हणून तळाचं बूच महिन्यापूर्वी त्यांनीच काढलं आणि नंतर फडकं लावलं.

"मग बूच कुठंय, काकू?"

"गच्चीच्या टाकीला. अगदी मापात बसलंय. हवं असेल तर अर्ज करा, रविवारी मीटिंग आहे."

राजसनं इंजिन चालू केलं. वेग धरला की आतलं पाणी त्याच भोकातून मागे ओढलं जातं, असं तो ओरडून समजावत होता. तसंच झालं. शेपूट हलकं झालं, नाक वर आलं, काटा सत्तर, ऐंशी, ब्याण्णव.

"झाली की रे नीट!" राजसच्या डोळ्यांत पाणी होतं.

बोट नीट होती, फक्त थांबता येत नव्हतं. थांबलो की धरण परत आत. पेट्रोलचा काटा तळाला टेकत आलेला. काठावर घाला, असं त्यानं तीनदा विनवलं. तळाचा रंग इटलीचा आहे, असं राजसनं तिन्ही वेळा सांगितलं, आणि इंजिननं पहिला आचका दिला.

शुभंकरनं राजसला कोपरानं ढकललं, स्टेअरिंग ओढलं आणि डोळे मिटले. चिखल, दगड, एक मोठा कर्रर्र आवाज, मग गवत.

डोळे उघडले तेव्हा म्हशी चारणारे धोंडिबा बाजूला उभे होते. त्यांनी बोट पाहिली, माणसं पाहिली.

"पाणी तिकडं हाय," ते म्हणाले.

शुभंकरनं मान हलवली. स्टेअरिंगवरची बोटं काही केल्या सुटत नव्हती, आणि आपण थांबलोय हे त्याच्या पायांना अजून पटलं नव्हतं.