पुसू नकोस, महेंद्र!

मित्रांनो, जरा हळू बोला. मी जीव मुठीत धरून बसले आहे. मी एक जुनी काळी फ्लॉपी, संगणकातली माहिती साठवायची चकती, आणि माझ्या पोटात दूध संस्थेच्या कामाचा प्रोग्राम आहे.

रहिमतपूरच्या महेंद्रने तो लिहिला आणि त्याची आतली मांडणीसुद्धा सगळ्यांसाठी खुली ठेवली. "घ्या, सुधारा, पुढं द्या," असे तो सांगे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत किती संस्थांनी माझ्यावरून प्रती उतरवून घेतल्या! माझा तोरा काय विचारता! भीती मात्र तेव्हाही होतीच. कोणी मला स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ ठेवले, की आता आतले सगळे पुसले जाणार म्हणून मी गारच पडायचे.

पण फुकटच्या प्रोग्रामवर महेंद्रचे पोट कसे भरणार? म्हणून त्याने माझ्या प्रोग्रामला जोडून चालणारा एक वेगळा जोडप्रोग्राम केला. तो दुधातल्या फॅटप्रमाणे, म्हणजे स्निग्धांशाप्रमाणे, दर लावून मराठीत पावती छापायचा. तो मात्र विकत होता. त्या कमाईवर महेंद्र मला सुधारत राही.

कवठे महांकाळच्या एका दूध संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब यांनी तो विकत घेतला आणि गावोगावच्या संस्थांना प्रसादासारखा वाटून टाकला. मग विकत कोण घेणार? महेंद्रने शिरवळच्या कारखान्यात नोकरी धरली.

परवा त्याने मला संगणकात घातले. "दीक्षा, हे काम आता बंद. ही फ्लॉपी पुसून टाकतो," तो बायकोला म्हणाला. अगं आई गं! माझ्यातली नवी सुधारणा अजून कोणाकडेच गेली नव्हती. फक्त एक कळ दाबायची राहिली होती.

तेवढ्यात लालासाहेब दारात आले. "महेंद्र, दर बदललं, पावती चुकतीया. दूध घालणाऱ्या बाया लय भांडत्यात. दुरुस्त कर की रं."

दीक्षा फणकारली, "आवं, तुमी फुकट वाटून मोकळं झालासा. आमी काय खायाचं? म्हून ह्ये आता ही फ्लॉपीच पुसाय निघाल्यात."

लालासाहेब उंबऱ्यावरच बसले. "पोरी, आधीचं फुकट व्हतं, म्हून हेबी पुण्य समजून वाटलं गं. ज्यांना दिलं, त्यांच्याकडनं किंमत आणतो. तवर पुसू नगंस, गड्या."

महेंद्रने मला बाहेर काढले. "सोमवारी मी शिरवळला निघालो, काका. त्याआधी आणा, न्हाईतर पुसून टाकीन."

मित्रांनो, फुकट दिलेले खुशाल वाटा, पण विकायला ठेवलेले विकतच घ्या. त्यावरच फुकटचे जगते. आणि घेणार असाल तर आजच घ्या हो. आज रविवार आहे, आणि दारात अजून कोणी आलेले नाही.