अंगावर काढलेला ताप

"डॉक्टर तेच, स्प्रिंग तीच. मग आमचंच घोडं कुठं पेंड खातंय हो?" काकूंनी बाकावर शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंना विचारलं.

त्यांचे मास्तर आज घरी निघाले होते. दोघींच्या नवऱ्यांना एकाच दिवशी हार्ट अटॅक आला होता. दोघांचीही बंद पडलेली शीर उघडून आत जाळीची स्प्रिंग बसवली होती, आणि तेव्हापासून वॉर्डाबाहेरच्या या बाकावर दोघींनी संसारच मांडला होता. एकीचा डोळा लागला की दुसरी जागी राहायची. एकीच्या डब्यात दुसरीचा हात असायचा.

मास्तर उठून चालू लागले. तेलवाले काका मात्र काही सुधारेनात. शिलाई मशीन दुरुस्त करत ते कारखाने पालथे घालायचे, खिशात कायम तेलाची बुधली, म्हणून हे नाव. घरातलं मशीन मात्र वर्षानुवर्षं कुरकुरत पडलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आज सकाळी काकांना पुन्हा आत नेलं होतं. डॉक्टर बाहेर आला तो पाय ओढतच.

"परत गुठळी धरली होती. काढली, पण रक्त पुढे नीट जात नाहीये. काकू, आधी ताप होता का त्यांना?"

"होता की. कारखान्यात सगळेच खोकत होते. पण हे झोपतील तर शपथ! अंगावर काढला."

"फ्लू निघालाय. अशा तापात रक्त लवकर गोठतं. शीर उघडून दिली तरी पुन्हा बुजते. त्यात छातीही भरलीय, त्याचा भार परत हृदयावरच."

"साधा ताप हो तो."

"सगळे साधाच म्हणतात," डॉक्टर म्हणाला आणि परत आत गेला.

आपण आणखी एकदा दटावायला हवं होतं का, असं काकूंच्या मनात आलं. उभ्या जन्मात ज्या माणसानं ऐकलं नाही, तो तेव्हा ऐकणार होता थोडाच! तरीही मन खायचं ते खातच राहिलं. मास्तरांना चालत येताना पाहिलं आणि काकूंना हेवा वाटला. चांगला सणसणून वाटला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं मास्तरांची पिशवी उचलून लिफ्टपर्यंत नेली. मास्तरीणबाईंना धड हसताही येईना. "फोन करते हं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपार कलता कलता काका गेले. काकू बाकावर येऊन बसल्या, तोच फोन वाजला. मास्तरीणबाई पोचल्याचं सांगत होत्या. त्यांच्या मागे कुणीतरी ढासत होतं.

"कोण खोकतंय?" काकूंनी विचारलं.

"सूनबाई. जरा कणकण आहे अंगात. तरी बिचारी मास्तरांचंच करतेय, उशाशी बसून."

काकू ताडकन उठल्या. "तिला आधी दुसऱ्या खोलीत पाठवा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, साधी कणकण—"

"उठवा म्हणते ना तिला! मास्तरांजवळ फिरकू देऊ नका. आणि डॉक्टरांना विचारा, काय करायचं ते."

पलीकडे खुर्ची सरकली, कुणीतरी कुरकुरलं, दार लागलं. मग मास्तरीणबाई पुन्हा फोनवर आल्या. "पाठवलं बाई. रागावलीय माझ्यावर. पण तुमचं सांगा, काका कसे आहेत?"

"आमचं राहू द्या. आमची आता कसलीच घाई नाही. तुम्ही आधी डॉक्टरांना फोन लावा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

नर्स काकांचे कपडे घेऊन केव्हाची समोर उभी होती. काकूंनी ते मांडीवर घेतले. मग शर्टाची बटणं, वरून खालपर्यंत, एकेक करून लावली.