नळीतले सात ठिपके

रिसोडच्या उस्मान फोटोवाल्याचं एक ठाम मत झालं होतं, की गावातला उजेड कमी होत चालला आहे. आभाळात ढगाचा टिपूस नाही, ऊन असं की कुत्रंही भिंतीची सावली सोडत नाही, आणि हा गृहस्थ चहाच्या दुकानात बसून सांगायचा, "दिवसेंदिवस उजेड कमी होऊन राह्यला. तिकडं लढाई चालू हाये ना, तिचा धूर वरच्या वर पसरला." कोणीतरी विचारायचं, "मंग आमचं टकुरं काहून तापते, उस्मानभाई?" लोक हसायचे, आणि उस्मान अर्धा चहा तसाच टाकून उठायचा. हट्टी माणूस होता. त्यातून हट्टी माणसाजवळ पुरावा असला म्हणजे त्याची समजूत ब्रह्मदेवालाही घालता येत नाही, आणि उस्मानजवळ पुरावा होता.

तो पुरावा म्हणजे उजेड मोजायची एक पितळी नळी. एका टोकाला डोळा लावायचा आणि दुसरं टोक समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे धरायचं. आत एका ओळीत ठिपके दिसत. पहिला लख्ख, त्यापुढचा जरा अंधुक, त्यापुढचा आणखी अंधुक. दिसतील तेवढे मोजायचे. जास्त दिसले तर उजेड भरपूर, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी काढून लगेच परत लावायची. एक ठिपका कमी दिसला की टोपी दुप्पट वेळ उघडी ठेवायची. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं; मनात बिस्मिल्ला म्हणायची. काचेच्या छपराच्या त्या खोलीत निरभ्र दुपारी सात ठिपके ठरलेले, आणि सात ठिपक्यांना दोनदा बिस्मिल्ला. आता त्याच खोलीत, तशाच दुपारी, उस्मानला पाच दिसत होते. मग तो बिचारा आठ वेळा म्हणायचा.

सुलतानबी होती तोवर हे काम दोघा नवराबायकोचं होतं. हा गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचा, मान सरळ करायचा, पापणी हलवू नका म्हणून दटावायचा. ती डोक्यावरचा पदर सावरत, हातात टोपी धरून कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहायची. ती असल्यामुळे बायाबापड्याही फोटोला यायला बिचकत नसत. नळीत आधी तो पाहायचा, मग ती. तिला अक्षरओळख नव्हती, पण ठिपके मोजायला अक्षर कशाला हवं? शेवटच्या दोन-तीन वर्षांत मात्र या ठिपक्यांवरून रोज वाजायचं. हा म्हणायचा सहा, ती म्हणायची, "सात हैं जी."

"गिनना आता नहीं तो चुप बैठ," एकदा तो गिऱ्हाइकासमोर खेकसला.

त्यानंतर नळी हातात दिली तरी ती "तुम बोले सो सही" म्हणून परत करायची. टोपी लावायची मात्र तिला भारी घाई. "जल्दी लगा दी!" म्हणून तो ओरडायचा. "चार बार पढ़ी मैं," ती शांतपणे सांगायची. कॅमेऱ्यातली काच औषधात धुतली की चित्र झकास निघायचं, आणि उस्मान स्वतःवरच खूश होऊन भांडण विसरून जायचा.

मग एका पावसाळ्यात सुलतानबी तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. आता टोपी काढणारा तोच आणि लावणाराही तोच. नळीत पाहून तो ठिपके मोठ्यानं म्हणायचा, "पाच," आणि क्षणभर थांबायचा. कोणी खोडून काढेल अशी इतक्या वर्षांची सवय. कोणी खोडून काढत नसे. भांडायला माणूस नसणं किती वाईट असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

ती गेली आणि काचा बिघडायला लागल्या. अंधाऱ्या खोलीतून काच बाहेर यायची ती काळी ठिक्कर, आणि तिच्यावरून छापलेला माणूस पांढराफटक. उस्माननं आधी औषधाला शिव्या दिल्या, मग विहिरीच्या पाण्याला, मग लढाईला. सडकेचे ओव्हरसिअर नानाजी, त्यांना फोटोचा नाद. त्यांनी एक दिवस खिशातून डबीएवढं यंत्र काढून दाखवलं. उजेड पडला की त्यातली सुई आपोआप सरकायची.

"उजेड पहिल्याएवढाच हाये, उस्मानभाई," नानाजी सुई पाहून म्हणाले. "इथं दोन बिस्मिल्लाच्या वर लागत नाई. जास्त उजेड खाल्ला का काच काळी पडते."

"तुमच्या सुईले डोळा हाये का?"

"नाई. म्हणूनच तं ते म्हातारी होत नाई."

उस्माननं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आणि मग रंगूबाई आली. जवळच्याच खेड्यातली, दोन एकराची धनीण, नवरा केव्हाच वारलेला. तिचा एकुलता एक जानराव पलटणीत भरती झाला होता. मागच्या बाजारी उस्माननं त्याचा फोटो काढला होता, आणि तो हातात पडताच माउलीनं कपाळावर हात मारला होता. "हा माह्या जानराव नाई. पिठात तोंड बुडवलेलं भूत हाये हे." आज ती जानरावला धुतल्या सदऱ्यात घेऊन आली होती. कोळशावर चालणारी मोटार दुपारनं वाशीमला निघणार होती, आणि तिच्यातून तो जाणार होता.

"भाऊ, आज तरी नीट काढजा," ती म्हणाली. "थो वापस येईल का नाई, कोन सांगावं? पाहाले तं काही पायजे मले."

उस्माननं काचांची पेटी उघडून पाहिली. लढाईपायी काचा येत नव्हत्या. जवळ एकच उरली होती.

त्यानं जानरावला बसवलं आणि नळी लावली. पाच. डोळे पुसले, पुन्हा लावली. पाचच. डोळ्याचं ऐकावं तर मागच्यासारखी काळी काच. सुईचं ऐकावं आणि सुईच खोटी निघाली तर कोरी काच. दोन साक्षीदार दोन तोंडांनी बोलत होते, आणि तिसरा कबरस्तानात निजला होता. उस्माननं सवयीनं कॅमेऱ्याच्या बाजूला पाहिलं. तिथं रंगूबाई उभी होती.

"बाई, जरा या नळीत डोळा लावा."

"मले वाचता येत नाई, भाऊ."

"वाचाचं नाई. ठिपके मोजाचे."

रंगूबाईनं एक डोळा मिटला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बोट हवेत टोचत मोजलं. "सात हायेत."

"नीट मोजा."

"मोजले ना! सातच हायेत. मी काय आंधळी हाये?"

उस्माननं काच चढवली, टोपी काढली, दोनदा बिस्मिल्ला म्हटली आणि टोपी लावली. मायलेक मोटारीकडे गेले आणि तो अंधाऱ्या खोलीत शिरला. काच स्वच्छ निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाई फोटो न्यायला आली. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, मुलाच्या भुवईवरची खोक अंगठ्यानं चाचपली आणि रडली. "हाच. हाच माह्या जानराव." मग पदरानं नाक पुसत तिनं विचारलं, "भाऊ, मले दिसले थे ठिपके तुमाले काहून नाई दिसले?"

"उजेड कमी नाई झाला, बाई," उस्मान म्हणाला. "माह्ये डोळे चालले."

हे त्यानं प्रथमच कोणाला सांगितलं. ती हळहळली, दोन शब्द बोलली आणि आपल्या वाटेनं गेली. तिलाही रिकाम्याच घरात जायचं होतं.

उस्मान एकटा उरला. आता सुलतानबीच्या शेवटच्या वर्षांतल्या काचा त्यानं काढल्या आणि एकेक करून उजेडासमोर धरल्या. सगळ्या स्वच्छ. तेव्हाही तो सहाच म्हणत होता, चारदा बिस्मिल्ला म्हणायला सांगत होता. म्हणजे या काचा काळ्या निघायला हव्या होत्या. निघाल्या नाहीत. कारण टोपी तिच्या हातात होती, आणि ती सात मोजून दोनदाच बिस्मिल्ला म्हणत होती. एकही नमाज न चुकवणारी बाई रोज त्याच्या तोंडावर सांगत होती, चार बार पढ़ी मैं. त्याचे डोळे चालले हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याला ते कळू दिलं नाही, गावाला तर नाहीच. आणि तो तिला मोजता येत नाही म्हणाला होता.

त्यानं नळी उचलली आणि गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खुर्चीकडे धरली. काचेच्या छपरातून दुपार नेहमीसारखी उतरली होती. त्याला पाच ठिपके दिसले.

"सात हैं जी," तो मोठ्यानं म्हणाला, आणि वाट पाहत थांबला.