उबेची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पण झाकण उघडून दागिने शोधू नका, हाती काही लागणार नाही. माझ्या पोटात आहे कोरडा लाकडी भुसा, त्यावर जाड ब्लँकेटचं अस्तर आणि मधोमध पातेलं बसेल एवढा खड्डा. आत आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. या बाबतीत मी पक्की चिक्कू आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

मला घडवलं या घरातल्या आजोबांनी. ते सुतार होते. तेव्हा रॉकेल मिळायची मारामार होती आणि आजीचा स्टोव्ह मात्र सकाळपासून फरफरत असायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो, डाळ शिजते थोडी आणि तापतात भिंतीच जास्त!" आजोबांनी ते मनावर घेतलं. खोक्यांच्या फळ्या रंध्याने तासून, सांधे घट्ट बसवून त्यांनी मला उभं केलं. आजी डाळीला खळखळून उकळी आणायची, झाकणासकट पातेलं माझ्यात ठेवायची, वर उशी दाबायची आणि स्टोव्ह विझवून टाकायची. डाळ आपली आपण शिजायची. शेजारणी नाकं मुरडत आल्या आणि मऊ डाळ चाखून गप्प झाल्या. कौतुक ऐकून मी फुगायचे. लाकूडच मी, पावसाळ्यात तशीही फुगतेच म्हणा!

मग घरात गॅस आला. बटण फिरवलं की जाळ. मला कोण विचारतो! आजी होती तोवर अधूनमधून माझी आठवण निघायची. ती गेली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर चपला, मोडक्या छत्र्या, रद्दी असं काय काय चढत गेलं. उंदरांनी अस्तर कुरतडलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बरीच वर्षं अशीच गेली. आजोबांचा धाकटा मुलगा ट्रक चालवायचा, तो सारखा बाहेरगावी. सून दवाखान्यात नर्स. नात शाळेत. आणि आजोबा विसरायला लागले होते. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी भाजी गरम करायला ठेवली आणि गच्चीत जाऊन बसले. सून आली तेव्हा भाजीचा कोळसा झाला होता आणि घरभर धूर कोंडला होता. दुसऱ्या दिवसापासून ती शेगडीची बटणंच काढून पर्समध्ये घालून नेऊ लागली. तिचं तरी काय चुकलं?

पण आजोबांना थंड अन्न जाईना. दोन घास खाऊन ते ताट सारायचे. सदरे अंगावर लोंबायला लागले. शेवटी सून म्हणाली, "बाबा, असं नाही चालायचं. तुम्ही थोरल्या भाऊजींकडे राहा. तिथे दिवसभर माणसं असतात." आजोबा उठले. खिडकीची कडी उगाचच घट्ट करत राहिले. या घरातली प्रत्येक खिडकी त्यांनी स्वतः बसवली होती.

नातीने लहानपणी आजीकडून माझ्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिने मला जिन्याखालून ओढून काढलं, झटकलं, नवं अस्तर लावलं आणि आईच्या मागे भुणभुण लावली, "एकदा करून बघू ना गं!"

"बघ बाई. पण नाही जमलं तर मी भाऊजींना फोन करणार."

सकाळी सून उकळी आणलेल्या डाळ-भाताची पातेली एकावर एक माझ्यात ठेवून गेली, पण पहिल्या दिवशी माझी पार फजिती झाली. दुपारी भात कच्चा आणि डाळ कोमट. दुसऱ्या दिवशीही तेच. कारण मला ठाऊक होतं. आजोबा येता-जाता झाकण उघडायचे, "यात काय आहे बरं?" म्हणून डोकावायचे, की वाफ भसकन बाहेर. थोड्या वेळाने विसरून पुन्हा तेच. अहो आजोबा, नका हो उघडू, असा मी कितीही आक्रोश केला तरी पेटीचं ऐकणार कोण?

तिसऱ्या दिवशी नातीला सुट्टी होती. तिने आजोबांना झाकण उचलताना बघितलं. ती रागावली नाही. तिने त्यांच्या खुर्चीवरची गादी आणली आणि माझ्यावर अंथरली. "आजोबा, इथे बसा, उजेड छान आहे." आजोबा पेपर घेऊन बसले. खाली पेटी आहे हेच विसरून गेले. त्यांचं विसरणं पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं! दुपारी नातीने त्यांना उठवलं आणि झाकण काढलं. मोकळा भात, मऊ डाळ, चटका बसेल इतकी गरम. आजोबांनी दोनदा वाढून घेतलं.

मग रोजचा तोच शिरस्ता झाला: शाळेत जाताना नात त्यांना माझ्यावर बसवायची आणि दुपारी येऊन वाढायची. गॅसची टाकीही पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरू लागली. तरी सुनेच्या मनातली धाकधूक काही जाईना. नातीला शाळेतून यायला उशीर झाला तर काय, हा तिचा प्रश्न होताच.

एकदा सून तापाने फणफणून भर दुपारी घरी आली. नात अजून यायची होती. सून भिंतीला टेकून खाली बसली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, पेपर बाजूला ठेवला आणि कुणी न सांगता उठले. गादी उचलली. झाकण काढलं. फडक्याने पातेलं धरून ताटात वाढलं.

"सूनबाई, आधी दोन घास खाऊन घे. गरम आहे."

ती खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजोबा माझ्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणाले, "सुताराचा हात चांगला आहे हो."

"बाबा, तुम्हीच केलीत ही पेटी."

"मी? मग असणारच!"

संध्याकाळी तिने भाऊजींना फोन केला. बाबा इथेच राहतील, एवढंच सांगितलं.

मित्रांनो, माझ्यासारखी पेटी प्रत्येक घरात असेलच असं नाही. पण शेगडी बंद केल्यावर पातेल्याजवळ हात नेऊन बघा. केवढी ऊब उरलेली असते! ती फुकट घालवू नका. पातेल्यावर झाकण ठेवा, जुन्या चादरीत गुंडाळा, पुन्हा जाळ पेटवायची घाई करू नका. आणि एक विनंती आहे, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला थंड ताटासमोर एकटं बसू देऊ नका.