दोघींनी अर्धा-अर्धा वाचलेला दुसरा भाग

मित्रांनो, मी एका जादूच्या कादंबरीचा दुसरा भाग आहे. मेरिदा शहरातल्या एका वाचनालयात राहतो. पहिल्या भागात लढाया होत्या, घोडदौड होती. मुलांच्या त्याच्यावर उड्या पडायच्या. माझ्यात मात्र इरुने मिठागरात कैदेत आहे आणि तिचा जोडीदार तादेओ तिला शोधत दलदल तुडवतो आहे. एक प्रकरण तिचं, एक त्याचं. लेखिकेनं मला संथ लिहिलं, त्याला माझा काय इलाज?

मुलं मला हौसेनं न्यायची आणि दलदलीत शिरली की मिटून ठेवायची. कुणी माझ्यावर सरबताचा पेला ठेवला, कुणी डुगडुगत्या मेजाच्या पायाखाली सारलं. वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त चीड यायची. अहो, शेवटापर्यंत या तरी.

मग लांदी आणि नेयदी या बहिणींनी मला घरी नेलं. वाटलं, आता पांग फिटले. कसले फिटतायत? थोरल्या लांदीनं फक्त तादेओची प्रकरणं वाचली, धाकट्या नेयदीनं फक्त इरुनेची. दोघींनी मला संपवलं, पण पुरतं कुणीच वाचलं नाही. वर भांडण.

"तुझी इरुने लबाड आहे," लांदी म्हणाली. "तो चिखलात मरतोय आणि ही शत्रूच्या पंगतीला बसलीय."

"आणि तुझा शूरवीर? नदीपर्यंत आला नि मागं फिरला. भित्रा कुठला."

"काहीही बोलू नकोस. तूही तिच्यासारखीच, आपलं तेवढं बघणारी."

"मी? कान्कूनला शिकायला जायचं ठरवलंस तू, आणि मला ते शेजारणीकडून कळलं."

इरुने त्या पंगतीत तुरुंगाची किल्ली चोरत होती. तादेओ जखमी नावाड्याला पाठीवर घेऊन मागं फिरला होता. सगळं माझ्याच पोटात छापलेलं, पण मला ओरडून सांगता येईना.

लांदीनं आपला झोपायचा झोळा स्वयंपाकघरात नेऊन बांधला. बोलणं बंद. शेवटी त्यांची आई एल्विया वैतागली.

"घर आहे की तुरुंग? मी टॉर्टिया भाजतेय. लांदी, तू धाकटीच्या इरुनेचं वाच. नेयदी, तू थोरलीच्या तादेओचं. मोठ्यानं. नाहीतर झोपा उपाशी."

दोघी जांभया देत आळीपाळीनं वाचू लागल्या.

"थांबलीस का गं?" आईनं नेयदीला विचारलं.

"आई, ही दलदल संपतच नाही."

"माझं पीठ तरी कुठं संपलंय? वाच."

लांदीनं किल्लीचं प्रकरण वाचलं आणि मला नेयदीकडे सरकवलं. नेयदी नावाड्यापाशी आली तसा तिचा आवाज उतरला. ते पान तिनं पुन्हा वाचलं.

"मला वाटलं, तो मला... तिला सोडून गेला."

लांदी हळूच म्हणाली, "कान्कूनचं मी सांगणार होते. तू रडशील म्हणून तोंड उघडलं नाही."

"रडलेच असते. पण सांगायचं तरी."

आई टॉर्टिया उलटत राहिली. त्या दिवशी जेवण फार उशिरा झालं.

लांदी कान्कूनला गेली. नेयदीनं मला परत केलं तेव्हा ग्रंथपाल डॉन फेर्मिन यांनी विचारलं, "कसं होतं?"

"फारच संथ," ती म्हणाली. "तिसरा भाग कधी येतोय?"

ऐकलंत? याला काय म्हणावं? मित्रांनो, मी संथ आहे, कबूल. कंटाळलात तर खुशाल मिटा मला. पण कुणाला लबाड, कुणाला भित्रा ठरवण्याआधी निदान त्याचं प्रकरण तरी वाचा.